तिसरी टाकी

तिने बिअरचा घोट तोंडात घोळवला आणि लगेच बेसिनमध्ये थुंकला. ओलं गोणपाट चघळल्यासारखी चव जिभेवर बसली होती. तिने चूळ भरली, पेला पुन्हा नाकाशी नेला आणि दूर सरकवला.

"ओता गटारात," ती म्हणाली. "अख्खी टाकी."

बिअर शिजवणारा नवा मास्तर दारातच उभा होता. त्याची ही पहिलीच टाकी.

"मॅडम, टाकी नवी, पाइप नवे, सगळं मी स्वतः घासलंय. असला वास येईलच कुठून?"

"ते मला काय ठाऊक? माझं काम चव सांगायचं. घाण आहे, घाण म्हणाले."

कारखान्यात एकच बिअर बनायची, ही काळी पोर्टर, आणि त्या बिअरच्या बाबतीत एकाच नाकाचा, हिच्याच, शब्द चालायचा. याच वासावरून तिने आधीच्या दोन टाक्याही ओतायला लावल्या होत्या. त्या तिच्या भावोजींनी शिजवलेल्या. भांडीसुद्धा धड घासता येत नाहीत का, असं ती त्यांना बाटल्या भरणाऱ्या पाळीसमोर, चारचौघांत म्हणाली होती. वीस वर्षं हेच काम केलेला माणूस काम सोडून घरी जाऊन बसला. त्याला दोन महिने झाले. तेव्हापासून ताईने तिचा फोन उचलला नव्हता. बहिणीचा नवरा आहे म्हणून घाणीला चांगलं म्हणायचं की काय, असं ती स्वतःला रोज बजावायची आणि रोज अर्धं जेवण ताटात टाकून उठायची.

मास्तर गेला आणि त्याच टाकीतून स्वतःचा स्टीलचा मग भरून घेऊन आला.

"एकदा यातून घ्या."

"मगातून घेतली म्हणून काय अमृत होणार आहे?" तिने नाक मुरडूनच घोट घेतला.

भाजलेल्या पावाची करपट कड, मागून कॉफी, मग जराशी चॉकलेटची कडवट गोडी. स्वच्छ. दुसरा घोट तिने थुंकला नाही.

मग तिने कपाटातला धुऊन ठेवलेला पेला काढून हुंगला. दुसरा हुंगला, तिसरा हुंगला. मदतनीस बाईच्या हातांना साबणाचा वास येतो म्हणून चार महिन्यांपासून पेले ती स्वतःच धुवायची, पुसायची. पुसायचं फडकं खांद्यावरच होतं, कायमचं दमट. तिने ते नाकाशी धरलं. शिसारी आली, तरी बराच वेळ धरून ठेवलं.

"मॅडम?" मास्तरने विचारलं.

"बिअर उत्तम आहे," ती म्हणाली. "तुम्ही जरा बाहेर थांबा."

तिने कारखान्याच्या फोनवरून ताईचा नंबर फिरवला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"ह्यांना परत बोलावलंय का?" ताईचा आवाज घाईचा होता.

"ताई, मी बोलतेय. ठेवू नकोस. बिअर चांगली होती. घाण माझ्या फडक्यात होती."

"मला कशाला सांगतेस?" ताई म्हणाली. "जिथे म्हणाली होतीस, तिथे जाऊन सांग."

फोन बंद झाला. दाराबाहेर दुपारची पाळी बाटल्या भरत होती. ती फडकं हातात घेऊन बाहेर आली आणि मास्तरला म्हणाली, "जरा मशिन थांबवायला सांगा."