नंबर वाच, मेघा

शवपेटीतल्या रबरी माणसाला बरोबर पिशवीतलं रक्त लावलं, की दार उघडणार होतं. भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटं उरली होती.

"आत्या, हे तर तुझंच काम," विशाखा म्हणाली.

करुणा बावीस वर्षं रक्तपेढीत टेक्निशियन. खेळासाठी सजवलेल्या पिशाचाच्या या बंद खोलीत घाबरण्यासारखं तिला काही सापडलं नाही. वटवाघळं कापडाची, जळमटं कापसाची. रक्ताच्या पिशव्या फ्रीजमध्ये न ठेवता खुंटीला टांगल्या होत्या, तेवढंच खटकलं.

विशाखाच्या विसाव्या वाढदिवसाला तिघीच आल्या होत्या: ती, तिची आई मेघा आणि आत्या. या खेळात एकमेकांशी बोलल्याशिवाय सुटका होत नाही, असं तिनं मोबाइलवर वाचलं होतं. मेघा नणंदेशी सात महिने बोलली नव्हती.

सात महिन्यांपूर्वी शेंद्र्याहून कंपनी सुटल्यावर येताना विशाखाच्या वडिलांची, अभयची, मोटारसायकल ट्रकखाली गेली. रक्तपेढीत त्याची बहीण करुणाच ड्यूटीवर होती. पेशंटचं आणि पिशवीतलं रक्त जुळतं का, हे तपासायला चाळीस मिनिटं लागतात. एकतिसाव्या मिनिटाला फोन आला, आता नको म्हणून. छावणीतल्या घरी मेघा सगळ्यांदेखत म्हणाली, "पिशवी हातात व्हती तिच्या." ते शेवटचं. करुणा पाचव्या दिवशी कामावर गेली. लोक म्हणाले, दगड आहे बाई. तिलाही तसंच वाटलं.

बरोबर पिशवीच्या नंबरची चिठ्ठी मेघाला सापडली, शवपेटीच्या झाकणात. करुणानं खुंटीवरची एक पिशवी काढली आणि सवयीनं थांबली. पिशवी एकीनं वाचायची, कागद दुसरीनं. जुळलं तरच पिशवी पुढं जाते.

"नंबर वाच."

मेघानं चिठ्ठी विशाखापुढं धरली.

"लाव ना कोणतीबी, आत्या. मरायलाय थोडाच तो."

बोलून गेल्यावर विशाखा घड्याळाकडं बघत राहिली.

"असं नाय लावत," करुणा म्हणाली. "नंबर वाच, मेघा."

घड्याळात मिनिटभरच उरलं. मग मेघानं चिठ्ठी दिव्याजवळ नेली.

"बी पॉझिटिव्ह. चार सात शून्य तीन."

करुणानं हातातली पाहिली. "चार सात तीन शून्य. ही नाय." पिशवी खुंटीला लावून तिनं दुसरी काढली. "ही बघ. चार सात शून्य तीन. परत वाच."

"आता वाचलं की."

"दोनदा वाचायचं असतं."

मेघा वाचत असतानाच वेळ संपल्याचा भोंगा वाजला आणि पांढरे दिवे लागले. उजेडात रबरी माणसाच्या नाकाचा रंग उडालेला दिसला.

"पयली लावली असती तर?" मेघानं विचारलं.

"खेळात काय होतंय. दार उघडलं नसतं."

"खेळाचं नाय विचारत मी."

करुणानं पिशवी खुंटीला अडकवली. "माझ्या हातानं गेला असता."

"तसाबी गेलाच."

"व्हय," करुणा म्हणाली.

बाहेर काउंटरवरच्या मुलीनं फोटोसाठी पाटी दिली, 'आम्ही अडकलो'. पाटी सहा जणांच्या मापाची होती. एक टोक मेघानं धरलं, दुसरं करुणानं; मधी जागा उरली. विशाखानं मोबाइल वर केला.

"मधी कुणीतरी..." ती म्हणाली आणि थांबली. "मी येऊ का मधी?"

"राहू दे," मेघा म्हणाली. "असाच काढ."