पप्पांचं टाइमटेबल

पल्लवीनं लाल पेनानं रविवारच्या चौकटीतला 'बारा' खोडला आणि शेजारी 'चौदा' लिहिलं. कपाटाच्या दारावर चिकटवलेल्या त्या कागदाचा फोटो काढून तिनं दुबईला पाठवला आणि मागोमाग आपला आवाजही पाठवला.

"पप्पा, बारा किलोमीटरला एक तास पन्नास मिन्टं? आमच्या सरांची म्हस तुमच्या फुडं जाईल! ह्या बारीला चौदा. आन् मधी थांबायचं न्हाई. तुमी थांबला की मला हितं विट्यात कळतंय, ध्यानात ठेवा."

जोंधळे निवडता निवडता आई हसली. "बाप हाय का शिपाई गं तो तुझा?"

"खेळाडू हाय," पल्लवी म्हणाली.

तालुक्यात तीन हजार मीटरला पहिली आल्यापासून तिचा आवाज असा मोठा झाला होता. त्याआधी फोनवर बापलेकीचं बोलणं 'जेवलीस का'पासून सुरू होऊन 'जेवले'पाशी संपायचं. तिचा बाप रविराज दहा वर्षं दुबईत गलाईच्या दुकानात सोनं गाळत होता. पहिल्या नंबरची बातमी ऐकून तोच म्हणाला होता, "मला शिकवशील का पळायला?" मग ठरलंच. सप्टेंबरात रजेवर यायचं आणि साताऱ्याजवळच्या घाटातली पंधरा किलोमीटरची शर्यत दोघांनी जोडीनं पळायची. आता रोज बोलणं व्हायचं. चपला, घाम, केळी, गुडघे. काहीही!

शनिवारी दुपारी लालासाहेब आले. दुबईत ते रविराजच्याच खोलीत राहायचे. रजेवर येताना त्यांनी खजूर आणि पल्लवीसाठी निळे बूट आणले होते. बूट घालून तिनं अंगणात दोन उड्या मारल्या.

"काका, खरं सांगा. पप्पा मधी थांबत्यात का न्हाई?"

लालासाहेबांनी बशीतला चहा संपवला. आई भांडी घेऊन आत गेली, तेव्हा ते बोलले.

"थांबतोय की. खोकल्यानं. खोकून खोकून खालीच बसतोय. आगं, दहा वरसं सोनं गाळताना तेजाबाचा धूर गिळलाय त्यानं. डॉक्टरनं छातीचा फोटो काढला आन् म्हणाला, पळणं बंद, नुसतं चालायचं. मी म्हनलं, सांग की पोरीला. तर म्हणतोय, पोरीनं टाइमटेबल धाडलंय, लाल पेनानं लिवलंय."

पल्लवी बुटाच्या नाडीशी खेळत राहिली.

"मी सांगितलं म्हणून बोलू नगो हां. खोलीत घ्यायचा न्हाई मला."

ते गेल्यावर ती कपाटासमोर उभी राहिली. तो तक्ता तिनं पोलीस भरतीच्या अकॅडमीतल्या फळ्यावरून उतरवला होता. तिथली पोरं वीस-बावीस वर्षांची, दिवसाला सहा-सहा अंडी खाणारी. तिनं मोबाइलवर 'पप्पा, पळू नका' असं लिहिलं आणि पुसलं. पप्पा काय म्हणणार, तिला माहीत होतं. मला काय धाड भरलीय? आणि उद्या चौदाच्या जागी सोळा पळून दाखवणार. नाहीतर गप्प होणार, आणि पुन्हा जेवलीस का, जेवले.

रविवारी सकाळी तिनं व्हिडिओ कॉल लावला. रविराज खाडीकाठच्या बाकावर बसून बूट चढवत होता.

"निगालोच बघ. चौदा ना?"

"पप्पा, थांबा. माझा पाय मुरगाळलाय."

"कुठला?"

तिनं खाली दोन्ही पायांकडे पाहिलं. "डावा. डॉक्टर म्हणालं, पळायचं न्हाई. सप्टेंबरातबी न्हाई. चाललं तर चालंल."

"आन् बुधवारी जिल्ह्याची शर्यत?"

बुधवारसाठी तिनं तीन महिने घाम गाळला होता.

"फुडच्या वर्षी बगू," ती म्हणाली. "पप्पा, मी घाट चालतच चढणार. पर एकटीला लाज वाटंल, सगळी पळत जाणार. तुमी चालाल माझ्यासंगं?"

रविराजनं फोन चेहऱ्याजवळ नेला.

"चालून दाखव बरं."

पल्लवीनं फोन पायरीवर तांब्याला टेकवून उभा केला आणि अंगणात लंगडायला लागली. डावा पाय हळूच टेकायचा, उजव्यावर झुकायचं. आई बादली घेऊन बाहेर आली आणि थबकली. काल दुपारी घरातून सगळं ऐकू येत होतं. तिनं लेकीच्या पायांकडे पाहिलं, मग फोनकडे.

"आवं, कालधरनं म्हणतीया मी, हळद लाव, हळद लाव," ती फोनकडे तोंड करून ओरडली. "ऐकंल तर शपथ! तुमी तरी सांगा."

पल्लवीनं भिंतीपाशी पोचून मागं वळून पाहिलं. पडद्यावर माइक बंद असल्याची खूण होती. रविराज फोनकडं पाठ करून वाकला होता. खोकल्यानं त्याचे खांदे गदगदा हलत होते.

ती पुन्हा भिंतीकडं वळली आणि अंगणाच्या कडेकडेनं आणखी एक फेरी लंगडायला लागली. अगदी सावकाश.