सून माहेरी गेली जी!

अंगणवाडीत लस टोचायचा दिवस उजाडला, की आपल्या गावातल्या गर्भार सुना एकाएकी माहेरी जातात. माहेरी विचारावं, तर त्या सासरी असतात. खरं म्हणजे त्या कुठंच जात नाहीत. आतल्या खोलीत, धानाच्या पोत्यांआड, पदर तोंडाशी धरून बसलेल्या असतात. तुम्ही-आम्ही हे जाणतो आणि हसून सोडून देतो.

लाखांदूरकडच्या एका गावात चंद्रभागाबाईंच्या घरी मागच्या वर्षी हेच झालं. थोरली सून खुशबू पोटुशी होती. सुईनं ताप भरतो आणि त्याची झळ पोटातल्या जिवाला लागते, असं चंद्रभागाबाईंच्या मनानं घेतलं होतं. माया कमी होती असं नाही. ओटी भरताना त्या स्वतः जुळवून गायल्या होत्या:

हळू चाल सूनबाई, बांधावर ओलं गवत
पोटी निजला राघू माझा, उठेल दचकत

नर्स मंगलाबाई दारी आल्या तेव्हा मात्र त्यांनी उंबऱ्यातूनच सांगितलं, "सून अड्याळले माहेरी गेली जी!" अड्याळला खुशबूच्या आईनंही तेच केलं. "पोरगी सासरी आहे." दोन घरांनी मिळून एक पोर लपवली.

खुशबू दवाखान्यात बाळंत झाली. मुलगा गुटगुटीत होता. घरी आणल्यावर आजीनं रिवाजाप्रमाणे बेंबीवर गोवरीची राख लावली. आठवडा सरला आणि लेकरानं दूध सोडलं. मिटलेला जबडा उघडेना. नुसतं दार वाजलं, तरी कोवळं अंग धनुष्यासारखं ताणलं जाई. डॉक्टर म्हणाले, धनुर्वात. बारशाआधीच लेकरू गेलं, घर मुकं झालं.

आता धानाच्या रोवण्याच्या दिवसांत धाकटी सून रुचिका पोटुशी होती, आणि मंगलाबाई पुन्हा दारात उभ्या होत्या.

"रुचिका कुठं आहे, चंद्रभागाबाई?"

"माहेरी गेली जी."

"तुमच्या सुनांना माहेरची आठवण मोठी दिवस पाहून येते हो!"

"टोमणे नका मारू बाई. गेली म्हणलं न मी, त गेली."

तेवढ्यात खुशबू आतून आली. हातातली भांडी तिनं तशीच खाली ठेवली.

"घरीच आहे, सिस्टर. कोठीमागं बसवली आहे तिले."

"खुशबू! चूप राह्य!"

"चूपच होती न मी, आत्याबाई. तवाबी कोठीमागं चूपच बसली होती. काय झालं मंग?"

चंद्रभागाबाईंचा आवाज चढला, पण तो आतून फुटका होता. "राखेनं गेलं म्हणते सारं गाव. मीच लावली न राख? आता नाही लावत कोणाले. मंग सुई कायले पाहिजे? अन टोचता मायले, लेकराले त्याचं काय?"

मंगलाबाई ओट्यावर टेकल्या. "राख लावू नकाच. पण धनुर्वाताचे जंतू फक्त राखेत नसतात. मातीत असतात, शेणात असतात. लस घेतली की मायच्या रक्तात त्या रोगाशी लढणारी प्रतिपिंडं तयार होतात, अन नाळेवाटे लेकराच्या रक्तात उतरतात. लेकराची स्वतःची धनुर्वाताची लस दीड महिन्यानं सुरू होते. तोवर तान्ह्याजवळ मायनं दिलेलंच असते, दुसरं काही नाही."

"अन ताप?"

"दुखेल हात एखाद दिवस. कधी कणकण येते. पोटातल्या लेकराले त्यानं काही होत नाही."

खुशबूनं हळूच विचारलं, "सिस्टर, मले त दवाखान्यात टोचलं होतं. कळा येऊन राहिल्या होत्या तवा."

मंगलाबाईंनी मान खाली घातली. "उशीर झाला होता, पोरी. अंगाले ते तयार करायले दिवस लागतात. तुझ्या लेकरापर्यंत ते पोचलंच नाही."

मग चंद्रभागाबाईंनी विचारलं, "म्हणजे येळेवर टोचलं असतं, त हिले देता आलं असतं त्याले?"

"हो."

"मीच नाही देऊ देल्लं!" चंद्रभागाबाई मटकन खाली बसल्या. "माय व! मीच दारात उभी राह्यली अन मीच नाही देऊ देल्लं!"

मंगलाबाईंनी त्यांना रडू दिलं. काही वेळानं चंद्रभागाबाई उठल्या आणि आत पाहून हाक मारली, "रुचिका, बाहीर ये व. चाल, मी येतो संगं."

रुचिका भीत भीत बाहेर आली. चंद्रभागाबाईंनी तिचा हात धरला आणि वळून पाहिलं. "खुशबू, तूबी चाल न."

"तुम्ही जा," खुशबू म्हणाली. "मले बांधीत जायचं आहे." तिनं पदर खोचला आणि ती शेताच्या वाटेला लागली.

त्या दिवशी रुचिकाला लस मिळाली. बंधू-भगिनींनो, गर्भार बाईला घरात लपवणं म्हणजे तिला जपणं नव्हे! मायजवळून लेकराला जे मिळायचं, ते तिला वेळेवर देऊ द्या. नाळ तुटल्यावर ते देता येत नाही. चंद्रभागाबाईंना हे कळायला नातू जावा लागला. तुम्ही तरी ते ऐकूनच शिका.