घरपट्टीत धरलेला हंडा

मी साखराबाईचा हंडा बोलतोय. हळूच बोलतो, बाहेर ग्रामसेवक बसलेत.

अहमदपूरच्या तांबटानं मला हातोडीनं ठोकून घडवलं. साखराबाईच्या आईनं लग्नात देताना माझ्या गळ्यावर लेकीचं नाव घालून घेतलं. साखराबाईला वाचता येत नाही, पण घासताना तिचं बोट त्या अक्षरांवरून फिरतंच. आमच्या गावाची एक रीत आहे. घरपट्टीपायी भांडं धरलं, चावडीपुढं लिलावाला काढलं, तरी बाईचं नाव असलेल्या भांड्यावर कोणी बोली लावत नाही. पुढंमागं पैसे भरून ती ते घरी आणते.

लातूर नवा जिल्हा झाला अन् पुढल्याच उन्हाळ्यात गावची विहीर आटली. साखराबाईनं दरसाल पट्टी भरलेली. गल्लीतल्या खांबावर दिवा कधी लागला नाही, तरी भरली. त्या साली पिकलंच नाही, तर भरणार कशातून?

दगडोबा कोतवालानं दवंडी दिली, "घरपट्टी भरा, न्हाईतर भांडी उचलू होऽऽ!"

दुसऱ्या दिवशी वेशीकडं धुरळा उठला.

"आली गं जप्ती!" शेजारची केवळाबाई ओरडली. बायांनी भराभर भांडी दोराला बांधून कोरड्या विहिरीत सोडली. मीही गेलो. खाली अंधार, चिखलाचा वास. भीतीनं माझं तांबं गार पडलं.

वरून आवाज आले.

"भांडी कुठं हायेत, मावशी?" ग्रामसेवक विचारत होते.

"विकून खाल्ली, सायेब. तुमाला पाणी पाजाया वाटी बी न्हाई," साखराबाई म्हणाली.

"अहो, मग टँकरचं पाणी भरणार कशात?"

टँकर! धुरळा त्याचा होता, साहेब त्यातच बसून आले होते. आमच्याकडं टँकर विहिरीतच रिकामा करतात. जाड पाइप काठावर आला अन् पाणी धबाधबा अंगावर कोसळलं. केवळाबाईची कळशी माझ्यावर आदळली. माझी कूस आत गेली.

वर बायांना पेच पडला. बोलावं तर भांडं जप्तीत, न बोलावं तर चिखलात.

"बंद करा त्यो पाइप! माझा हंडा हाय खाली!" ओरडली ती साखराबाईच.

ड्रायव्हर हसला, "साहेब, जप्ती आयतीच घावली की!"

तिनं मला भरलेला वर ओढला. ग्रामसेवकांनी हात घातला.

"दम धरा. पाणी माझं हाय," ती म्हणाली. ओंजळी-ओंजळीनं आधी बायांना पाजलं, शेवटी त्यांनाही. ते खाली मान घालून प्याले. मग त्यांनी मला उचललं. मागोमाग सगळ्यांचीच भांडी निघाली अन् धरली गेली. टँकर विहिरीत रिकामा झाला. पाणी आलं, पण काढायला उरल्या दोन-चार फुटक्या घागरी.

आता मी पंचायतीच्या कोठीत आहे. यंदा लिलाव चावडीपुढं नाही. नवा जिल्हा, नवी रीत. सोमवारी सगळा माल अहमदपूरच्या बाजारात लिलावाला जाणार. तिथं साखराबाई कोणाला ठाऊक? मोडीत भांडी घेणारा नाव वाचत नाही, वजन बघतो. जिथं हातोडीखाली जन्मलो, तिथंच हातोडीखाली जाईन की काय, या धास्तीनं मी रात्रंदिस घुमतो.

कर घ्या हो, कोण नको म्हणतंय? पण घराची पट्टी घेता आणि त्या घराला पाणी आणायचं भांडंच नेता?

सोमवारी बाजारात आलात, तर माझ्या गळ्यावरून एकदा बोट फिरवा. अक्षरं लागली, तर बोली लावू नका.