हिरडीत ठेवायचा पापुद्रा

मास्तरांचा सूर फाटायला लागला, तेव्हा त्यांनी आधी क्लॅरिनेटच्या पत्तीला दोष दिला. पत्ती बदलली. मग दमट हवेला नावं ठेवली, मग नाटकमंडळीच्या वाद्यवृंदाच्या नव्या संचालकाला, की हा माणूस ताल पळवतो. सगळ्यांना दोष देऊन झाल्यावर एके दिवशी सकाळी दात घासताना त्यांनी वरच्या पुढच्या दाताला अंगठा लावला, आणि दात डुगडुगला. शेजारचाही.

क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचं सगळं त्या दोन दातांवर चालतं. वाद्याचं तोंड त्यांच्याखाली घट्ट धरायचं, खालचा ओठ दुमडून पत्तीखाली घ्यायचा आणि मग फुंकायचं. मास्तरांनी असं आयुष्यभर नाटकांच्या वाद्यवृंदात फुंकलं होतं, तेही पहिल्या खुर्चीवर, मुख्य वादकाच्या जागी बसून. पायोरिया हा शब्द दातांच्या डॉक्टरीणबाईंनी उच्चारला तेव्हा त्यांनी तो कुणीतरी शिवी दिल्यासारखा ऐकला. हिरड्यांना सूज होती, दातांभोवती खोल खाचा पडल्या होत्या आणि आतलं हाड झिजत चाललं होतं. बाईंनी खाचा साफ करून दिल्या, पण गेलेलं हाड परत येत नाही हेही सांगितलं.

आणि इथेच पंचाईत होती. कारण मास्तरांची धाकटी मुलगी नेमकं गेलेलं हाड परत आणायचंच काम करत होती.

ती ज्या संशोधनसंस्थेत होती तिथे कोळंबीच्या टरफलांपासून एक पातळ पापुद्रा तयार होत होता. मासळी कारखान्याबाहेर टरफलांचे ढीग सडत पडायचे, नाक धरून जावं लागायचं. तीच टरफलं आम्लात भिजवायची, धुवायची, शिजवायची, त्यातून निघालेला पदार्थ काचेवर पसरून वाळवायचा. हा पापुद्रा हिरडीच्या खाचेत ठेवला की हळूहळू विरघळतो, जंतूंना वाढू देत नाही आणि हाडाला भरून यायला उसंत देतो. उंदरांच्या जबड्यात हाड खरंच भरून आलं होतं. ती छायाचित्रं तिने कौतुकाने घरी दाखवलीही होती.

त्यामुळे मास्तरांनी विचारलं यात नवल काहीच नव्हतं. जेवताना, घास उजव्या दाढेकडे सरकवत, ते म्हणाले, "उंदरांना देतेस, तर बापाला द्यायला काय हरकत आहे?"

माणसांवर वापरायची परवानगी अजून नाही, त्याला वर्षं लागतात, हे तिने समजावून सांगितलं. मास्तरांनी ऐकून घेतलं. पुढचे काही दिवस ते त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत, आणि हेच तिला जड गेलं. ते रियाजाच्या खोलीत जायचे, दोन ओळी वाजवायचे, थांबायचे. मग बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही. आई भाजी निवडता निवडता हात थांबवून त्या खोलीकडे बघत बसायची.

शेवटी धाकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेली. दोघी एकाच शाळेत शिकलेल्या. बाईंनी तिचं म्हणणं पुरतं ऐकलंही नाही. म्हणाल्या, तू आणून दे, मी हिरडी उघडून ठेवते, या कानाचं त्या कानाला कळणार नाही. धाकटी तिथून निघाली तेव्हा तिचे कान तापले होते, पण तिने नाही म्हटलं नव्हतं. प्रयोगशाळेत तिने नव्या घाण्यातल्या पापुद्र्याचा नखाएवढा तुकडा कापला, निर्जंतुक करून पाकिटात बंद केला आणि फ्रिजच्या कप्प्यात मागे सारून ठेवला. बाईंनी वेळ दिली. मास्तरांना तिने सांगितलं, बहुतेक जमेल. त्या दिवशी त्यांनी दाढी दोनदा केली.

संस्थेत तिच्या शेजारच्या खोलीत पाण्याची आणि गाळाची तपासणी चालायची. तिथल्या संशोधकाला सगळे पाणीवालाच म्हणत. पावसापाण्यात खाडीत उतरून गाळ भरून आणणारा, बुटांचे ठसे जिन्यापासून खोलीपर्यंत उमटवणारा माणूस. शहराच्या वरच्या अंगाला धातूवर मुलामा चढवणारे कारखाने होते आणि खाडीच्या गाळात कॅडमियम हा विषारी धातू वाढत चाललाय असा त्याचा अंदाज होता. काही आठवड्यांपूर्वी सहज म्हणून त्याने धाकटीकडून टरफलं आणि पापुद्र्याचे तुकडे मागून नेले होते. तीही विसरून गेली होती.

तो दारात येऊन उभा राहिला तेव्हा त्याने नेहमीसारखी थट्टा केली नाही. "तुमचा जुना माल कुठला होता?" त्याने विचारलं.

जुनी टरफलं खोल समुद्रातल्या कोळंबीची होती. उंदरांना ठेवलेला पापुद्रा त्यांचा. ती संपल्यावर कारखान्याने खाडीच्या तोंडाशी पकडलेल्या कोळंबीची टरफलं द्यायला सुरुवात केली होती. कोळंबी ती कोळंबी, असं समजून कुणी जास्त चौकशी केली नव्हती.

"नव्या मालात कॅडमियम आहे," तो म्हणाला. "टरफलात आहे आणि तुमच्या पापुद्र्यातही उतरलंय."

तिने लगेच इन्क्युबेटर उघडून नव्या पापुद्र्यासोबत वाढवलेल्या पेशींच्या बशा सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. पहिल्या आठवड्यात त्या छान पसरलेल्या तिने स्वतः पाहिल्या होत्या. आता पापुद्रा जिथे जिथे विरघळला होता तिथल्या पेशी गोल होऊन तळापासून सुटल्या होत्या. पापुद्रा धातूला धरून ठेवत होता आणि विरघळताना सोडून देत होता. तो हाडाजवळच विरघळावा, यासाठी तर सगळा खटाटोप होता.

तिने फ्रिजमधलं पाकीट काढलं आणि खुर्चीत बसून राहिली. पाणीवाल्याने पाणी आणून दिलं आणि तो निघून गेला.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना तिने त्याच दुपारी सगळं सांगितलं, पाकिटासकट. माणसांवरच्या चाचणीसाठी एका रुग्णालयाच्या दंतविभागाशी करार व्हायचा होता, तो आता होणार नव्हता. मग त्या म्हणाल्या, पाकिटाबद्दल मी रागावणार आहे, पण आज नाही. आज आधी पाणीवाल्याला बोलाव, कारण आपण पापुद्रा फेकून देऊ, पण ती कोळंबी लोक खातायत.

डॉक्टरीणबाईंना तिने नको म्हणून कळवलं. घरी मात्र तिची जीभ अडली. परवानगी मिळाली नाही, एवढंच ती मास्तरांना बोलली. त्यांनी मान हलवली, चष्मा पुसला आणि आत गेले. त्यानंतर बाप-लेकीत मीठ दे, दार लाव, यापलीकडे बोलणं राहिलं नाही. महिन्याभरात दोन्ही दात काढावे लागले. मास्तर रिक्षातून घरी आले ते तोंडावर रुमाल धरून, आणि क्लॅरिनेटची पेटी त्यांनी कपाटावर टाकली.

आईनेच एकदा धाकटीला स्वयंपाकघरात गाठलं. तुमच्या दोघांच्या मधे बसून मला जेवण जात नाही, म्हणाली. काय असेल ते बोलून टाक.

मास्तर गॅलरीत बसले होते. धाकटी शेजारी टेकली आणि तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. चोरून ठेवलेला तुकडा, डॉक्टरीणबाई, खाडी, गोल झालेल्या पेशी. ते रस्त्याकडे बघत ऐकत होते.

"ठेवला असतास तर वाजवता आलं असतं?"

"काही महिने, कदाचित."

"आणि मग?"

"माहीत नाही, बाबा. हाड आणखी गेलं असतं. त्याहून वाईटही झालं असतं."

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायला धडपडत होतं. "दात जायचेच होते," ते म्हणाले. फटीतून शब्द जरा शिटी मारत येत होते. "चोरून ठेवायचं तू ठरवलंस, नाही ठेवायचं तेही तूच ठरवलंस. तोंड माझं होतं. मला विचारायचंस ना."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही, की समजूतही घातली नाही. पण रात्री जेवताना त्यांनी कॅडमियम म्हणजे नक्की काय, ते विचारलं.

खाडीचा अहवाल पाणीवाला आणि ती, दोघांच्या नावाने गेला. मासळी कारखाना भडकला आणि त्याने टरफलं देणं बंद केलं. खाडीकाठी नमुने घ्यायला आता तीही बूट चढवून जायची. तिथे जाळं सोडवत बसलेल्या एका बाईने तिला थेट विचारलं, मग खायची की नाही ते सांग. खाडीच्या तोंडाशी धरलेली कोळंबी नको, अजून तरी नको, असं धाकटीने सांगितलं. बाई बोटं जाळ्यात चालवत राहिली. त्या उत्तराने त्या बाईच्या चुलीचं काय होणार, हा विचार धाकटीच्या मागे लागला तो सुटला नाही. वरच्या कारखान्यांची तपासणी सुरू झाली, पण ती गोगलगायीच्या चालीने.

पापुद्रा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, आता अळंबीच्या टाकून दिलेल्या देठांपासून. त्यातूनही तसाच पदार्थ निघतो, फक्त पापुद्रा ठिसूळ होतो आणि चिमट्यात तुटतो. आता प्रत्येक घाणा आधी शेजारच्या खोलीत तपासून येतो. माणसांवरची चाचणी अजून दूर आहे.

मास्तरांनी पेटी कपाटावरून स्वतःच उतरवली. कवळी लावून वाजवायला गेले तर कवळी घसरे. मग कुणा जुन्या वादकाकडून त्यांना कळलं की दात न टेकवता, दोन्ही ओठ आत दुमडूनही वाजवता येतं. सुरुवातीला जो आवाज निघाला त्याने आईने खिडक्या लावून घेतल्या. ओठ सुजले, गाल दुखले, मास्तर वैतागून वाद्य ठेवत आणि पुन्हा उचलत. वरचे सूर परत आले नाहीत. खालचे आले, पूर्वीपेक्षा मऊ. पहिली खुर्ची दुसऱ्याची झाली होती. त्यांनी दुसरी मागून घेतली.

दुसऱ्या खुर्चीवरून वाजवलेल्या त्यांच्या पहिल्या प्रयोगाला धाकटी मागच्या रांगेत बसली होती. नाटक संपल्यावर ती मागच्या दाराशी थांबली. मास्तर पेटी काखेत मारून बाहेर आले आणि कसं झालं म्हणून त्यांनी विचारलं.

छान झालं, असं म्हणायला तिचं तोंड उघडलं होतं. ती थांबली. "खरं सांगू? तुमचा आवाज मला वेगळा ओळखूच आला नाही."

मास्तरांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, नव्या कवळीसकट. "मग बरोबर वाजलं," ते म्हणाले. "दुसऱ्या क्लॅरिनेटचं कामच ते, पहिल्यात मिसळून जायचं." आणि संचालक आजही ताल पळवत होता, अशी कुरकुर करत ते तिच्याबरोबर रिक्षा शोधायला निघाले.