मथुराबाईंची आंघोळीची फरशी

मित्रांनो, मी एक जुनी शहाबादी फरशी आहे. रंगाने राखाडी, अंगाने खडबडीत आणि स्वभावानेही तशीच. गोड गोष्ट हवी असेल तर घरातल्या चकचकीत टाइल्सकडे जा. त्यांना अजून काही सोसावं लागलेलं नाही.

हिंजवडीत कंपन्या यायच्या आधी गेनबांनी इथे घर बांधलं आणि मला न्हाणीत बसवलं. त्यांच्या बायकोने, मथुराबाईंनी, माझ्यावर जन्म काढला. माझ्यावर बसायचं, तांब्याने अंगावर पाणी घ्यायचं, टाचाही माझ्यावरच घासायच्या. लेकाला, जयसिंगला, त्यांनी पायांवर आडवं घालून इथेच न्हाऊमाखू घातलं. माझ्यावरून कुणाचा पाय कधी घसरला नाही. पुढे गेनबा गेले, मथुराबाईंचे गुडघे धरले, तरी भिंतीला हात लावून त्या आपल्या आपण बसत आणि उठत. कुणी मदतीला आलं तर म्हणत, "जवर माझी आंगुळ माझ्या हातानं व्हतीय, तवर मी कुनाला जड न्हाई."

मग जयसिंगच्या डोक्यात नवं बाथरूम शिरलं. मोबाइलवर व्हिडिओ बघून त्याने ठरवलं की गवंडी नको, प्लंबर नको, सगळं आपणच करायचं. कटर आला, टाइल्स आल्या, पांढऱ्या आणि तोंड दिसेल इतक्या गुळगुळीत. छिन्नी-हातोडा घेऊन तो माझ्या बहिणी फोडत सुटला. मथुराबाई दारात येऊन म्हणाल्या, "येवढी एक ऱ्हाऊ दे बाबा. मला बसाया."

"आई, आपल्याला म्युझियम नाही काढायचं," जयसिंग मान वर न करता म्हणाला. "शॉवर लावतोय. उभं राहून करायची आंघोळ."

मी फुटले नाही ते काही मायेपोटी नाही, त्याचा हात भरून आला म्हणून. त्याने मला मागच्या अंगणात नळाखाली टाकलं. वरच बाथरूमची खिडकी आहे, त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकू आलं.

सुनेचा, सुनीतीचा, वास्तुशास्त्रावर फार विश्वास. पाणी ईशान्येला वाहिलं पाहिजे, असा तिचा हट्ट. मोरीची जाळी नेमकी समोरच्या कोपऱ्यात, नैर्ऋत्येला. जयसिंगने मोठ्या शहाणपणाने उतार ईशान्येला दिला आणि जाळी होती तिथेच ठेवली. पाणी कोपऱ्यात तळं करून बसू लागलं. चूक कबूल करायची तर टाइल्स उखडाव्या लागल्या असत्या, आणि बाथरूम तर सगळ्या नातेवाइकांना दाखवून झालं होतं. म्हणून घरात नियम निघाला, की आंघोळ झाली की ज्याने त्याने वायपरने पाणी जाळीकडे ढकलायचं. त्यातून मथुराबाईही सुटल्या नाहीत.

त्या पडल्या त्या वायपर हातात धरूनच. तो आवाज मी ऐकला. खुब्याचं हाड मोडलं. जयसिंग धावत आला आणि पहिलं वाक्य बोलला, "स्लीपर घालून जा म्हणून सांगितलं होतं ना?" मग टाइलला तडा गेलाय का, तेही त्याने सुनीतीला बघायला सांगितलं.

त्यानंतर मथुराबाई खाटेवर पडून राहिल्या. ओल्या फडक्याने अंग पुसलं जाई, तेही सुनीतीला सवड झाली तर. खाट मागच्या दाराशी होती, तिथून मी त्यांना दिसत असे. त्यांनी एकच गोष्ट मागितली, ती रोज मागितली. मला त्या फरशीवर नेऊन बसवा, माझ्या हाताने दोन तांबे घेते.

"अंगणात? समोरच्या टॉवरमधून सगळं दिसतं," सुनीती म्हणाली. "घरात एवढं बाथरूम असून म्हातारीला उघड्यावर बसवली, म्हणतील लोक."

आडोशाला दोन चादरी पुरल्या असत्या. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपण त्या हातोड्याखालीच फुटलो असतो तर बरं झालं असतं.

उन्हाळ्यात मथुराबाई गेल्या. भावकी जमली. मयताला आंघोळ घालायची म्हणून मला नळाखालून ओढून अंगणाच्या मधोमध ठेवलं. बायकांनी खांद्याला धरून त्यांना माझ्यावर बसवलं आणि चारी बाजूंनी चादरी धरल्या. घरातल्याच चादरी होत्या. लोक काय म्हणतील, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. अंग इतकं हलकं झालं होतं, की मला ते वजन ओळखू आलं नाही. टाच लागली तेव्हा ओळखलं.

स्मशानातून परतल्यावर पुरुषमंडळी एकेक करून आंघोळीला आत गेली. कुणीतरी टाइल्सची चौकशी केली. "सगळं स्वतःच्या हातानं केलंय," जयसिंग म्हणाला, आणि वायपर कुठे ठेवलाय तेही त्याने सांगितलं.

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतो, तशी रीतच आहे. मी माझ्यासाठी काही मागत नाही. घर हवं तसं सजवा. फक्त घरातलं म्हातारं माणूस कुठे बसणार, हे आधी त्याला विचारा, त्याला उत्तर देता येतंय तोवर.

मथुराबाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. जयसिंगचेही गुडघे धरले आहेत. परवा खिडकीतून त्याचा आवाज आला. बसून आंघोळ करायला घरात काही आहे का, असं तो सुनीतीला विचारत होता. मी इथेच, नळाखाली होते. मला आवाज देता येत नाही, आणि येत असता तरी मी दिला नसता.