वीस डस्टरांची कळी

मित्रांनो, मी एक जुना काळा फळा आहे, आणि माझ्या मनात फार राग साचला आहे. मला तोंड असते, तर दोन शहाण्या बायकांची सहा वर्षे वाचली असती. पण फळ्याला फक्त पाठ आणि पोट असते. पाठ भिंतीला आणि पोट जगाला.

एका सुताराने मला बनवले. संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर एक खोली होती. तिथे दार आणि खिडकी यांच्यामध्ये जेवढी भिंत मोकळी होती, तेवढी त्याने टेपने मोजली आणि मला तेवढेच कापले. दहा फूट. त्यामागे दुसरे काहीही कारण नव्हते. हे तुम्ही ध्यानात ठेवा, कारण बाकी कोणीच ठेवले नाही.

त्या खोलीत गणिताच्या बाई राहायला आल्या. राहायलाच म्हणायचे, कारण घरी त्या फक्त झोपायला जात. त्यांची थोरली नणंद त्याच संस्थेत वरच्या मजल्यावर झाडांचा अभ्यास करायची. बाई तिला ‘वन्सं’ म्हणत, म्हणून मीही वन्संच म्हणतो. घरी एकीने चिरायचे आणि दुसरीने शिजवायचे, तीच वाटणी इथेही झाली. वन्संनी कळ्या कापून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या आणि बाईंनी त्यांचे गणित मांडायचे. प्रश्न एवढाच होता, की वन्संच्या कुंडीतल्या त्या फुलाला दर वेळी पाचच पाकळ्या का येतात?

बाईंची कल्पना मला लगेच पटली. कळीच्या टोकाशी पेशींचे एक कडे असते. प्रत्येक पेशी आपल्याजवळचे वाढीचे संप्रेरक शेजारणीकडे ढकलते. कोणत्या शेजारणीकडे? जिच्याकडे आधीच जास्त आहे तिच्याकडे. मग काही पेशी तुडुंब भरतात, बाकीच्या कोरड्या पडतात, आणि जिथे साठा होतो तिथे पाकळी फुटते.

“वन्सं, हे आपल्या ऑफिससारखंच झालं,” बाई म्हणाल्या. “जो काम करतो, त्याच्याच टेबलावर आणखी फायली.”

“आणि वहिनी, त्याच्या शेजारचा बसतो झोपा काढत,” वन्सं म्हणाल्या. दोघी खूप हसल्या. तेव्हा मलाही वाटले, आपले नशीब उघडले.

त्याच दिवशी वन्संनी माझ्या डाव्या कोपऱ्यात चार ओळी लिहिल्या. झाडांना पाणी घालून त्यांचे हात कायम ओले असत, त्यामुळे खडूही ओला झाला होता. त्यांनी लिहिले होते: ‘लहान कळी, कड्यात सोळा पेशी. मोठी कळी, अठ्ठावीस. पाकळ्या मात्र पाचच. विसरू नये.’

दुसऱ्या दिवशी बाईंना पेशींचे कडे काढायचे होते. बाईंच्या रेघा कधी सरळ येत नाहीत, म्हणून त्यांनी डस्टर माझ्यावर टेकवले आणि त्याच्याभोवती खडू फिरवला. झाली एक पेशी. तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी. डावा कोपरा अडवून बसलेल्या त्या चार ओळी त्यांनी खसाखसा पुसल्या. कोणाला विचारले नाही, कागदावर उतरवूनही घेतल्या नाहीत. अख्ख्या फळ्यावर वीस डस्टर मावली. शेवटच्या चौकोनापासून पहिल्यापर्यंत त्यांनी एक लांब बाण ओढला, म्हणजे कडे पूर्ण झाले. मग वीस हा आकडा संगणकात गेला. मी आतल्या आत ओरडत होतो, “अहो, हे सुताराचे माप आहे, फुलाचे नव्हे!” पण ऐकणार कोण?

पुढची साडेपाच वर्षे समीकरणे लिहिण्यात आणि पुसण्यात गेली. चौकोनांना मात्र कोणी हात लावला नाही. आणि मग एके दिवशी संगणकाने उत्तर दिले, की दर चार पेशींमागे एक साठा होतो. विसात किती चोक? पाच! बाईंनी मला चक्क थोपटले. वन्संनी वरून फूल आणून माझ्या चौकटीत खोवले. येणारे-जाणारे पाहुणे माझ्यापुढे उभे राहून फोटो काढत. त्या कौतुकाची मला लाज वाटत होती. वन्संना वाटले, वहिनीने सगळ्या आकाराच्या कळ्या तपासल्या असणार. बाईंना वाटले, काही चुकले असते तर वन्सं बोलल्या असत्या. एकीने विचारले नाही, दुसरीने सांगितले नाही.

संचालकांनी बजावले होते, की या महिन्यात शोधनिबंध गेला नाही तर खोली सोडावी लागेल. शुक्रवारी निबंध पाठवायचा, म्हणून गुरुवारी दुपारी बाईंनी आकृती नव्याने काढायला मला पहिल्यांदाच ओल्या फडक्याने धुतले. मी वाळू लागलो, तशी ओल्या खडूची जुनी अक्षरे डाव्या कोपऱ्यात पांढुरकी उमटली. सहा वर्षांत तेवढेच मला बोलता आले.

“हे माझं अक्षर ना?” वन्संनी चष्मा पुसून वाचले. मग हळूच विचारले, “वहिनी, तू वीसच पेशी का घेतल्यास?”

बाईंनी हातातल्या डस्टरकडे पाहिले, मग माझ्या एका काठाकडे, मग दुसऱ्याकडे. संगणकाशी बसून त्यांनी सोळा घातले. चार पाकळ्या आल्या. अठ्ठावीस घातले, सात आल्या.

“म्हणजे आपण फूल नाही मोजलं,” बाई म्हणाल्या. “फळा मोजला.”

निबंध गेला नाही. आणि मित्रांनो, राग कोणावर निघाला? माझ्यावर! खरे सांगणाऱ्याचे हे असेच होते. बाईंनी डस्टर माझ्या अंगावर फेकले, माझ्या कडेचा टवका उडाला, ती खूण अजून आहे. खोली गेली. तिथे आता दुसऱ्यांचा पांढरा चकचकीत फळा आहे. एका फटक्यात साफ होतो, मागे काही राहत नाही, म्हणून सगळे त्याची तारीफ करतात. राहत नाही हेच तर वाईट, पण ते कळायला अक्कल लागते.

मला वन्संनी वरच्या कुंड्यांच्या खोलीत नेले. तिथे मी जमिनीवर टेकून उभा असतो. अंगावर पाण्याचे शिंतोडे उडतात, चौकट फुगली आहे, पायाशी बुरशी आली आहे. सहा वर्षांच्या नोकरीचे हे बक्षीस. माझे मागणे फार नाही. मला कोरडे ठेवा, आणि माझ्यावर कोणाचे अक्षर दिसले तर ते कोणाचे आहे हे आधी पाहा. पुसायला एक क्षण लागतो. परत मिळवायला मला सहा वर्षे लागली.

पंधरा दिवस बाई वर आल्याच नाहीत. काल आल्या. स्टूल ओढून माझ्यापुढे बसल्या. वन्संनी माझ्यावर नव्या कळ्यांचे आकडे लिहून ठेवले होते, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिळाएवढीही जागा नव्हती. बाईंनी डस्टर उचलले.

डस्टर तसेच हवेत धरून त्यांनी मागे वळून विचारले, “वन्सं, यातलं काही पुसू का?”

“नको,” वन्सं म्हणाल्या.

बाईंनी डस्टर खाली ठेवले.